साखरवाल्यांच्या धमन्या ‘कडक’ होतात म्हणे. शिबिरातला रिपोर्ट कितपत मनावर घ्यायचा?

शहापूरची_सून (बेळगाव)
नमस्कार मंडळी. सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. वय ६६, साखर सतराएक वर्षं. गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये मोफत हृदय तपासणी शिबिर होतं, तिथे शेजारचे काका मामांना, म्हणजे सासऱ्यांना, घेऊन गेले. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधून झोपवलं आणि पाच मिनिटांत रंगीत कागद हातात दिला. त्यावर असं आहे:

बीपी १६४/७०
पल्स वेव्ह व्हेलॉसिटी (दंड ते घोटा): उजवी १९४०, डावी १९८० सेंमी/सेकंद
एबीआय (घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी): उजवा १.३१, डावा १.४४
‘रक्तवाहिन्यांचे वय’: ८० च्या वर, लाल चौकटीत

तिथली मुलगी म्हणाली की खालचं बीपी ७० म्हणजे छान आहे, आणि एबीआय एकाच्या वर असला की उत्तमच. मग लाल चौकट कशाची, ते कोणी सांगितलं नाही. नंतर बाजूच्या टेबलावर बसवून सांगितलं की धमन्या कडक झाल्यात, सलाइनमधून औषध देऊन ‘साफ’ करायला लागतील. तीस बैठका, ७५ हजार रुपये, आज नाव दिलं तर सूट.

मामांनी आकडा ऐकला आणि घरी येऊन पासबुक काढून बसलेत. चालू गोळ्या: साखरेच्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन ४०. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी दिली होती, ती यांनी आपल्या मनानं बंद केली.

हा कडकपणा खरंच काही असतो की नुसता धंदा? आणि असला तर करायचं काय?

कुंदा_एक_व्रत (बेळगाव)
पहिलं, पासबुक परत कपाटात ठेवायला सांगा. दुसरं डॉक्टर लोक येऊन सांगतील.

निपाणीकर_अण्णा
आमच्याकडं पण येऊन गेले हे लोक. त्याच पट्ट्या, तोच रंगीत कागद. माझं वय ५१, धमन्यांचं ६८ निघालं. बायको म्हणाली, अक्कल धरून सरासरी काढली असती तर कमी आलं असतं.

उद्यमबाग_हायड्रॉलिक
मी डॉक्टर नाही, हायड्रॉलिक पॉवर पॅक, म्हणजे तेलाच्या दाबाचे पंपसंच, बनवण्यात आयुष्य गेलं. १६४ आणि ७० वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. पंप तेल धक्क्याधक्क्यानं ढकलतो, म्हणून लाइनवर आम्ही अ‍ॅक्युम्युलेटर बसवतो. त्यातला नायट्रोजनचा फुगा धक्का पोटात घेतो आणि दोन धक्क्यांच्या मधे तेच तेल सावकाश पुढे सोडतो, त्यामुळे दाब टिकून राहतो. फुग्यातला गॅस गेला की गेज बघा: काटा वर जाऊन ठोकतो आणि मधल्या वेळात धाडकन खाली येतो. सरासरी तीच, फरक मात्र वाढलेला. १६४ वजा ७० म्हणजे ९४. माझ्या टेस्ट बेंचवर असलं सर्किट पास होणार नाही. शरीरात फुग्याचं काम कोण करतं ते जाणकारांनी सांगावं.

चिकोडीचा_एमबीबीएस
वरचा प्रतिसाद डॉक्टरानं लिहिला असता तरी यापेक्षा बरा लिहिला नसता. फुग्याचं काम महाधमनी करते. हृदय आकुंचन पावलं की ती फुगते, हृदय सैल पडलं की ती आक्रसून रक्त पुढे ढकलते. ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये हे गणितासकट मांडलं.

आता शहापूरच्या ताई, तुमचा कागद एकेक ओळीनं बघू.

पल्स वेव्ह व्हेलॉसिटी हा रक्ताचा वेग नव्हे. हृदयाच्या ठोक्याची लाट धमनीच्या भिंतीतून किती वेगानं पळते, ते मोजतात. भिंत मऊ तर लाट हळू, भिंत कडक तर लाट जोरात. प्रमाण मानली जाते ती मानेपासून जांघेपर्यंतची मोजणी. तिथे सेकंदाला १० मीटरच्या वर गेलं तर युरोपच्या रक्तदाबाच्या मार्गदर्शक सूचनांत (२०१८) ते धमन्या बाधल्याचं लक्षण धरलंय. दंड ते घोटा हा वेगळा रस्ता, त्यात पायाच्या धमन्या येतात, म्हणून आकडा मोठाच येतो. त्याची तुलना १० शी करू नका. जपानमध्ये ही पद्धत जास्त वापरतात आणि तिथे १८०० च्या वर जोखीम जास्त धरतात. म्हणजे मामांचा आकडा वाढलेलाच आहे, धंदा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. पण एक मेख आहे: त्या क्षणी बीपी चढलेलं असेल तर हा आकडाही चढतो. मामा जिना चढून, चहा पिऊन, रांगेत उभे राहून गेले होते का?

‘रक्तवाहिन्यांचं वय’ मनावर घेऊ नका. मशीनमध्ये एक तक्ता भरलेला असतो, त्यात तुमचा आकडा कुठल्या वयाच्या सरासरीला बसतो ते छापून येतं. पैसे काढायला मात्र तीच ओळ सगळ्यात कामाची.

खालचं बीपी ७० म्हणजे छान, हे अर्धवट आहे. हृदयाच्या स्वतःच्या धमन्या भरतात त्या हृदय सैल पडलेलं असताना, म्हणजे खालच्या दाबावर. वरचा आकडा वाढला की हृदयाला कष्ट वाढतात, आणि खालचा घसरला की त्याच हृदयाचा रक्तपुरवठा आटतो. दोन्ही बाजूंनी मार. वय झालेल्या साखरवाल्यांत दोन आकड्यांतला फरक ६० च्या वर राहायला लागला की मी कान टवकारतो. याला मशीन लागत नाही, वजाबाकी लागते.

आणि एबीआय. ‘एकाच्या वर म्हणजे उत्तम’ ऐकून मला घाम फुटला. ०.९ किंवा खाली म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा, हे बरोबर. पण १.४ च्या वर गेलं तर भिंतीत चुना साचून धमनी इतकी कडक झालेली असते की पट्टा आवळला तरी दबत नाही. मग आकडा खोटाच मोठा येतो आणि आत अडथळा असला तरी झाकला जातो. जुन्या साखरेत हे वारंवार दिसतं. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजतात, कारण बोटांच्या बारीक धमन्यांत चुना कमी साचतो. मामांच्या डाव्या पायाची नाडी कोणी हातानं तपासली का?

शहापूरची_सून
डॉक्टर, जिना चढून, हो. रांगेत पाऊण तास उभे होते. आणि पायाला कोणी हात लावला नाही, मोजेसुद्धा काढले नव्हते, पट्टा वरूनच बांधला.

चिकोडीचा_एमबीबीएस
मोज्यावरून! धन्य.

काढाप्रेमी (अथणी)
सगळं ठीक, खरं मूळ कारण कोणी बोलत नाही. साखर अ‍ॅलोपथीच्या गोळ्यांनी दाबून ठेवतात, त्यानं धमन्या कडक होतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं तर साखर उलट वाढते, हे कंपन्याच लिहितात. मामांनी बंद केली ते बरंच केलं. अर्जुनाच्या सालीचा काढा सकाळी घ्यावा.

आता_पुण्यात_मूळ_अनगोळ
अथणीचे काका, गोळ्यांनी धमन्या कडक होतात याला आधार काय? माझ्या आजोबांनी कुठलीच गोळी घेतली नव्हती आणि साठीत पाय काढावा लागला.

काढाप्रेमी
आधार अनुभवाचा.

चिकोडीचा_एमबीबीएस
अर्जुनावर माझा राग नाही, फक्त चालू गोळी बंद करून तो घेऊ नका.

धमन्या साखरेनंच कशा कडक होतात ते सांगतो. एचबीए१सी आपण सगळे करतो. तो मोजतो काय? तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते. ती पेशी चारेक महिन्यांत मरते, नवी येते, म्हणून तीन महिने पथ्य पाळलं की आकडा सुधारतो आणि आपण पेढे वाटतो. धमनीच्या भिंतीतल्या कोलॅजनलाही अशीच साखर चिकटते, पण ते कोलॅजन वर्षानुवर्षं बदलत नाही. चिकटलेल्या साखरेतून धाग्याधाग्यात आडवे टाके पडत जातात आणि ताण घेणारी भिंत ताठ होते. भरीला लवचीक इलॅस्टिन तुटतं, चुना साचतो. म्हणून आज एचबीए१सी ६.८ आणलात तरी गेल्या दहा वर्षांतले टाके उसवत नाहीत.

हे टाके तोडणारं औषध शोधायचा प्रयत्न झालाय. अलाजेब्रियम नावाच्या औषधानं धमन्या थोड्या सैलावतात असं २००१ मध्ये दिसलं होतं, पण ते बाजारात कधी आलंच नाही. तेव्हा कोणी ‘धमन्या मऊ करतो’ म्हणाला की खिशावर हात ठेवा.

स्टॅटिननं, म्हणजे या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं, साखर किंचित वाढते, हे खरं आहे, लपवण्यासारखं नाही. पण हृदयविकार नसलेल्या मधुमेहींवरच एक मोठी चाचणी झाली होती, कार्ड्स, निकाल २००४ मध्ये आले. रोज १० मिलीग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिननं हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की ठरल्यापेक्षा जवळपास दोन वर्षं आधी चाचणी थांबवली. चाळिशीच्या पुढच्या साखरवाल्याला कोलेस्टेरॉलचा आकडा कितीही सुंदर असला तरी ही गोळी सुचवतात ती म्हणून.

कुंदा_एक_व्रत
डॉक्टर, एक विचारूलालोय. आठवड्यातनं एकदा चमचाभर कुंदा चालेल काय? नाही म्हटलात तरी खाणार आहे, खरं तुमच्या तोंडून हो ऐकलं तर बरं वाटेल.

चिकोडीचा_एमबीबीएस
चमचा कुठला, चहाचा की डावाचा?

कुंदा_एक_व्रत
प्रश्न मागे घेतला.

जांबोटी_वैनी (खानापूर)
गोडाचं सगळे बोलतात, मिठाचं कोणी नाही. आमच्याकडं भात-आमटी झाली तरी ताटात लोणचं, पापड, वरून सांडगी मिरची. जोंधळ्याची भाकरी साखरेला चांगली म्हणून खातात आणि तिच्याबरोबर ठेचा असा की जिभेवर मीठ फुटतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅम सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, तेही सगळ्या जेवणाचं मिळून. मी घरात वाढायच्या वेळी मिठाची वाटी उचलून ठेवली तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. आता त्याच शेजारणीला सांगतात की मीठ कमी घ्या.

आता_पुण्यात_मूळ_अनगोळ
इकडे सोडियम कमी असलेलं मीठ मिळतं, ते आणून देऊ का घरी?

चिकोडीचा_एमबीबीएस
थांबा. त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं चढू शकतं. साखरवाल्यांत दोन्ही गोष्टी नेहमीच्या. विचारल्याशिवाय नको. साधंच मीठ, कमी.

निपाणीकर_अण्णा
आता मी जरा गंभीर लिहितो. आमच्या गावात तंबाखूवर घरं उभी राहिली, माझंही. वखारीत काम करणारे अर्धे लोक गोळी दाढेला धरून असतात, बायका मिश्री लावतात. विचारलं तर म्हणतात, आम्ही बिडी ओढत नाही, धूर आत जात नाही. डॉक्टर, त्यानं पण धमन्यांवर परिणाम होतो काय?

चिकोडीचा_एमबीबीएस
निकोटीन दाढेतूनही रक्तात जातं, नाडी आणि बीपी चढवतं. धुराचा मार मोठा, एकेक बिडीसुद्धा धमनी तेवढ्यापुरती ताठ करते. पण ‘धूर नाही म्हणजे हृदयाला धोका नाही’ असं नाही. साखर अधिक तंबाखू हे समीकरण आमच्या भागात पाय कापायला लावतं, हे रोज बघतो.

सदलगा_एक्स्प्रेस
काकांचं सांगतो. साखर वीसएक वर्षं. रात्री जेवून अंगणात बसले आणि घाम फुटला, दम लागला. छातीत कळ अजिबात नाही. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा दिला, काकूनं पाठ चोळली. जवळच्या दवाखान्यात नेलं तर गॅसचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं, ईसीजी काढला नाही. पहाटे पुन्हा तसंच झालं म्हणून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजी निघाला आणि धावपळ सुरू झाली. वाचले, खरं हृदयाचा पंप अर्ध्यावर आलाय. मला विचारायचं हे की कळ का आली नाही?

चिकोडीचा_एमबीबीएस
जुन्या साखरेत हृदयाकडून दुखणं कळवणाऱ्या नसाच बधिर होतात. पायाची आग, मुंग्या होतात तोच आजार, फक्त आतल्या नसांचा. म्हणून साखरवाल्याला अचानक घाम, दम, मळमळ, जबडा किंवा खांदा दुखणं, कारण नसताना गळून जाणं, यांतलं काहीही झालं तर आधी ईसीजी, पित्ताचा विचार मागनं.

कर्नाटकात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. २०२१ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार हृदयविकारानं गेले, त्यांच्या नावानं सरकारनं हृदयज्योती योजना काढली. तालुका पातळीच्या दवाखान्यात ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाकडे पाठवतात, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन तिथेच फुकट देतात. बाहेर ते हजारोंच्या घरात जातं. आपल्या तालुक्यात कुठं सोय आहे ते आजच विचारून ठेवा, रात्री एकला नव्हे.

सीमेवरचा_सातबारा
आणि महाराष्ट्राची महात्मा फुले योजना? ती उपचारांची योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली म्हणून २०२३ मध्ये केवढा गाजावाजा झाला. इकडच्या कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला. आम्ही मात्र तेव्हाही मिरजेला स्वतःच्या खर्चानं जात होतो, आताही जातोय. दोघांच्या भांडणात

संपादक
सातबारा, वाक्य मधेच तोडल्याबद्दल माफ करा, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो आधीच साडेतीनशे प्रतिसादांवर आहे. इथे धमन्यांवर बोलू.

सीमेवरचा_सातबारा
बरं. माझ्या धमन्या त्या धाग्यावरच कडक झाल्या, एवढं नोंदवून गप्प बसतो.

शहापूरची_सून
मंडळी, त्या सलाइनचं कोणी सांगेल का? सेंटरचा फोन रोज येतोय. ‘ईडीटीए’ म्हणतात, कॅल्शियम ओढून काढतं म्हणे. डॉक्टरांनी चुना साचतो लिहिलंय, मग चुना काढणारं औषध चांगलंच की, असं मामांचं म्हणणं.

चिकोडीचा_एमबीबीएस
मामांचा तर्क चुकीचा नाही, म्हणूनच हे विकलं जातं. ईडीटीए मुळात शिसं वगैरे जड धातूंच्या विषबाधेवरचं औषध. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टॅक्ट चाचणीत अटॅक येऊन गेलेल्यांना थोडा फायदा दिसला, मधुमेहींत जरा जास्त. तेव्हापासून दुकानं वाढली. मग त्याच लोकांनी फक्त मधुमेह आणि जुना अटॅक असलेल्यांवर दुसरी चाचणी केली, टॅक्ट-२. २०२४ मध्ये निकाल आला: रक्तातलं शिसं खूप उतरलं, पण अटॅक, पक्षाघात, मृत्यू कमी झाले नाहीत. फोन आला की एवढंच सांगा.

काढाप्रेमी
इथे मात्र मी डॉक्टरांच्या बाजूनं. ७५ हजारात आमच्याकडं म्हैस येते.

उद्यमबाग_हायड्रॉलिक
धमन्या मऊ होत नाहीत, मग आम्ही करायचं काय? अ‍ॅक्युम्युलेटर बदलता येत नसेल तर आम्ही पंपाचा दाब उतरवतो.

चिकोडीचा_एमबीबीएस
तेच. दाब उतरवला की भिंतीवरचा ताण कमी होतो आणि लाटेचा वेगही थोडा खाली येतो. नेमानं भरभर चालण्यानं, वजन आणि मीठ कमी करण्यानंही येतो. पूर्ण मऊ नाही, पण पुढचं बिघडणं लांबतं. फक्त मामांसारख्यांचं बीपी घाईनं पाडायचं नाही, वरचं उतरताना खालचंही घसरतं. गोळी वाढवली की उभं राहिल्यावरचं बीपीही बघायचं, नाहीतर चक्कर येऊन पडतील.

ताई, मशीन विसरा आणि एवढं करा. घरी दंडाचं बीपी मशीन आणा, मनगटाचं नको. सकाळी गोळीआधी आणि रात्री, लघवीला जाऊन येऊन, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसून, हात टेबलावर छातीच्या पातळीत. आठवडाभर वहीत लिहा. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करा, ३० च्या वर म्हणजे बारीक धमन्या गळायला लागल्यात. मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन, शिवाय ईसीजी. पायाच्या नाड्या हातानं. ही वही आणि कागद घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा विषय तिथे काढा.

जांबोटी_वैनी
आणि मोजे काढून जा!

शहापूरची_सून
उशिरा लिहितेय, मधे घरात लग्न होतं. घरची सरासरी १४८/७२ आली, म्हणजे शिबिरापेक्षा बरीच कमी, खरं फरक ७६ आहेच. लघवीचा रेशो ९२. क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरांनी मोजे काढून दोन्ही पाय बघितले. डाव्या घोट्यामागची नाडी कशीबशी लागते म्हणाले, अंगठ्याचा दाब मोजायला मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी दिली आहे. टेल्मिसार्टन वाढवली, स्टॅटिन पुन्हा सुरू, आणि ग्लिमेपिराइड कमी करून एम्पाग्लिफ्लोझिन हे साखरेचं दुसरं औषध दिलंय. ते महाग असतं असं ऐकलं होतं, मेडिकलवाल्यानं अगदी स्वस्तातलं दिलं, म्हणून शंका येतेय.

चिकोडीचा_एमबीबीएस
शंका नको. मार्च २०२५ मध्ये त्याचं पेटंट संपलं, तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या बनवतात. हृदयविकार असलेल्या मधुमेहींत त्यानं हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते, २०१५ चा अभ्यास. रेशो ९२ असताना मूत्रपिंडासाठीही योग्य निवड. दोन गोष्टी सांभाळा. लघवीवाटे साखर जाते, त्यामुळे तिथे खाज, बुरशी होऊ शकते, स्वच्छता ठेवा. आणि मामा एकादशीला निर्जळी करतात का? कडक उपास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन असलं तर ही गोळी थांबवावी लागते, आधी विचारायचं.

शहापूरची_सून
निर्जळी नाही, साबुदाणा खिचडीची एकादशी असते त्यांची.

चिकोडीचा_एमबीबीएस
मग गोळी चालू द्या, एकादशी थांबवा.

निपाणीकर_अण्णा
डॉक्टर, अंगठ्याचा दाब बेळगावात मोजून मिळेल की कोल्हापूर गाठायचं? माझा पण एबीआय १.४२ होता, आता कागद शोधून बघितला.

चिकोडीचा_एमबीबीएस
बेळगावात मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांच्या विभागात आधी फोन करून विचारा. आणि अण्णा, जाताना दाढेतली गोळी काढून जा, निदान अर्धा तास आधी.

निपाणीकर_अण्णा
काढली. आत्ता थुंकून आलो. सोमवारची वेळ घेतो.